बसवंतची दोन घड्याळं

बसवंत दोन्ही हातांत घड्याळ घालतो. वेळ विचारली की आधी डावा हात बघतो, मग उजवा बघतो आणि पुन्हा डावा बघतो. कारण दोन्हीतली वेळ कधी जुळत नाही.

"अरे, मग खरी कुठली?" मी एकदा विचारलं.

"त्यासाठी तिसरं लागतंय, आक्का," असं म्हणून तो माझ्या भिंतीवरचं घड्याळ बघायला आत आला. ते कधीचं बंद पडलेलं. तरी तो त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "ह्याचं मत धरायचं न्हाय."

वेळ काय झाली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बसवंत माझ्या माडीवर भाड्यानं राहतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न नाही, अंगानं कडब्याच्या पेंढीसारखा. मूळचा नेसरीकडचा, कर्नाटकाच्या सीमेजवळचा, म्हणून मला आक्का म्हणतो. मी खाली राहते आणि घरामागच्या गोठ्यात तीन म्हशी राखते. चंद्री, बिजली आणि राणी. दूध पेठेतच खपतं. मी चौथी शिकलेली बाई. बसवंत काय काम करतो ते मी सांगणार, पण त्यातलं किती बरोबर असेल ते देवाला ठाऊक. मी शिकलेल्या माणसांनाही विचारून बघितलं. त्यांनाही सांगता येत नाही, फक्त ते मान जास्त हलवतात.

तो आला त्याच दिवशी मी विचारलं होतं, "काम काय करतोस?"

"डेटा सेंटर हाय, एमआयडीसीत. तिथली मशिनं बघतो."

"काय बनतं तिथं?"

"काय बनत न्हाय."

"मग विकता काय?"

"विकत न्हाय. ठेवतो."

"काय ठेवता?"

"लोकांची माहिती. पतपेढीची, दवाखान्याची, कारखान्याची."

"कागद?"

"कागद न्हाय."

"मग दिसती कशी?"

"दिसत न्हाय, आक्का. गार ठेवायला लागती."

दिसत नाही, विकत नाही, आणि गार ठेवायला लागते. मला वाटलं, बर्फाचा कारखाना असेल आणि बिचाऱ्याला सांगायची लाज वाटत असेल. मी पुढं विचारलं, "गावाकडं कोण असतं?"

"घर हाय."

"घरात कोण?"

"कुलूप," तो म्हणाला. "दोन हायत."

दोन हे त्याचं वेडच आहे. दोन स्टोव्ह, दोन छत्र्या, दोन फोन, दोन चष्मे. चपलांचे दोन जोड, जिन्याखाली शेजारी शेजारी. दाराला दोन कुलपं आणि प्रत्येकाच्या दोन किल्ल्या. त्यातली एकेक माझ्या गोठ्यातल्या खिळ्याला टांगलेली. कशालाही हात लावला की त्याचं एकच वाक्य, "आणि हे गेलं तर?" मी दुधाची किटली घेतली, "आणि ही फुटली तर?" मी बाजाराला निघाले, "आणि रिक्षा बंद पडली तर?" शेजारची शकीला शिवणकाम करते आणि तोंडानं सुईपेक्षा तिखट आहे. ती एकदा म्हणाली, "बसवंतभाऊ, एवढं सगळं दोन-दोन, मग बायको एक पण कशी न्हाई?" बसवंत हसला नाही, रागावलाही नाही. "त्याचा विचार केला न्हाय," म्हणाला आणि माडीवर गेला.

दुसरं वेड गारव्याचं. गार हवा फुकट गेलेली त्याला बघवत नाही. मी फ्रिज उघडून उभी राहिले की मागून आवाज येतो, "आक्का, बघायला उघडू नये. काय काढायचं ते ठरवून उघडावं." मी म्हणते, "काय हाय ते बघितल्याशिवाय ठरवू कसं?" तो नुसता दार लावतो.

त्याच्या कामावरही त्यानं असलाच गोंधळ घातला. तिथली खोली म्हणे हिवाळ्यातल्या पहाटेसारखी गार ठेवलेली असायची. साहेब पाहुण्यांना स्वेटर घालून आत न्यायचा आणि ते कुडकुडले की खूष व्हायचा. बसवंतनं हिशेब मांडला की मशिनांना एवढी थंडी लागतच नाही. गार हवा त्यांच्या तोंडापुढं गेली आणि गरम हवा मागून निघून गेली, तर निम्म्या गारव्यात भागतं. त्यानं जमिनीतली नको ती भोकं बुजवली, मशिनांच्या कपाटांतल्या रिकाम्या खणांना झाकणं लावली आणि खोली थोडी गरम केली. विजेचं बिल उतरलं, पण पाहुणे कुडकुडेनात. साहेबाला वाटलं, खोलीची इज्जतच गेली. तो बसवंतवर रुसला. बिल कमी झालं म्हणून रुसणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. घोटाळा नक्की कुणाच्या डोक्यात आहे, साहेबाच्या, बसवंतच्या की माझ्या, हे मला अजून उलगडलेलं नाही.

रोज सकाळी, मी धारेला बसले की जिन्यावरून हाक यायची, "आक्का, म्हशी काय म्हणत्यात?"

म्हशी काय म्हणणार? मी ओरडायची, "तुला काय करायचंय?"

"बरं," तो म्हणायचा आणि आत जायचा, जसं काही मोठं उत्तर मिळालं. संध्याकाळी कामावरून आला की पुन्हा तेच. तो तेवढंच विचारायचा, मीही तेवढंच ओरडायची. मला वाटायचं, ह्याच्या डोक्यात थोडं कमी आहे.

खंडेनवमीला त्यानं मला आणि शकीलाला ती खोली दाखवायला नेलं. मी हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती, सगळं घेऊन गेले. यंत्राची पूजा म्हटल्यावर रिकाम्या हातानं कशी जाणार? दारातच बसवंतनं पिशवी काढून घेतली. "उदबत्ती न्हाय, धूर झाला की भोंगा वाजतोय. कुंकू न्हाय, धूळ आत जाती. नारळ न्हाय, पाणी उडतंय." मग दाराच्या मुठीलाच झेंडूची माळ बांधली आणि मी बाहेरूनच हात जोडले. देवाला आत ठेवून दाराची पूजा केलेली ती माझी पहिलीच वेळ.

आत जमिनीला भोकं आणि त्यातून खालून गार वारा. शकीलानं ओढणी, कमीज, सगळं दोन्ही हातांनी दाबून धरलं. माझं नऊवारी होतं म्हणून निभावलं. माणूस एकही नाही. नुसती कपाटं, त्यात बारीक दिवे आणि पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तसा आवाज. मी म्हटलं, "लाईट गेली की?"

"बॅटरी. बॅटरी संपायच्या आत जनरेटर. तो गेला तर दुसरा जनरेटर."

"आणि ही दोन कपाटं एकासारखी एक का?"

"एक काम करतंय, दुसरं तयार बसतंय," बसवंत म्हणाला. त्याचा आवाज तिथं वेगळाच लागत होता, लेकराबद्दल बोलल्यासारखा. "दोन्ही एकमेकाला सारखं विचारत्यात. हाईस का? हाय. हाईस का? हाय. एकदा उत्तर आलं न्हाय की दुसरं समजून घेतंय आणि काम अंगावर घेतंय."

"नवरा-बायकोगत?" शकीला म्हणाली.

"नवरा-बायको एवढं विचारत न्हाईत," बसवंत म्हणाला.

एवढा खर्च करून यंत्रं एकमेकांची खुशाली विचारतात. मी नारळ परत घरी आणला आणि चटणी केली.

इथपर्यंत मी सगळं सोसलं. त्यानं एकदा माडीवरची आपली बॅटरी चालते का बघायला घरची चांगली चालू असलेली लाईट मुद्दाम बंद केली. नेमकी मालिकेतली सून दुधाचा पेला तोंडाला लावत होती. त्या दुधात विष होतं की नव्हतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. बसवंतचं म्हणणं, "बंद करून बघितल्याशिवाय दुसऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा?" तेही सोसलं. पण मग तो म्हशींवर आला.

उन्हाळ्याचे दिवस होते, गोठ्याचा पत्रा तापलेला. मी सकाळची धार काढून गारगोटीला बहिणीकडं गेले. बसवंतला सुट्टी होती, म्हणून दुपारची वैरण टाकायला सांगून गेले. संध्याकाळी येऊन बघते तर गोठा ओळखू येईना. माझ्या म्हशी भिंतीकडं तोंड करून ओळीनं बांधलेल्या असतात. ह्यानं त्या तोंडाला तोंड करून बांधल्या होत्या. एकीकडं चंद्री आणि राणी, समोर बिजली. मधल्या बोळात पंखा आणि वरून पोत्यांचा पडदा.

"हे काय केलंस?"

"आक्का, तोंडाकडनं गार, शेपटीकडनं गरम. दोन्ही हवा मिसळत न्हाईत. हात लावून बघा."

गोठा गार झाला होता, खोटं बोलणार नाही. पण चंद्री आणि बिजली एकमेकींच्या सवती आहेत. त्यांना एकमेकींचं तोंड बघायला लागू नये म्हणूनच मी त्या भिंतीकडं तोंड करून बांधते. बसवंतच्या यंत्रांना हे चालत असेल. ह्या दोघी दुपारभर एकमेकींकडं बघून फुसफुसत होत्या. चंद्रीनं गव्हाण शिंगानं फोडली आणि दोघींनीही पान्हा चोरला. थेंब देईनात. दारात माणसं किटल्या घेऊन उभी आणि माझ्या बादलीचा तळ दिसतोय. पुन्हा जागच्या जागी बांधल्या, तरी कितीतरी दिवस रुसवा गेला नाही. दोन घरांनी दुसरीकडं रतीब लावला.

मी बसवंतला सांगितलं, "गणपती बसायच्या आत खोली रिकामी कर."

"बरं, आक्का," तो म्हणाला. विनवणी नाही, काही नाही. खोली शोधायला लागला. त्यातही दोन खोल्या बघत होता. एक हातची गेली तर?

शकीला म्हणाली, "आक्का, राहू दे की. माणूस वाईट न्हाई."

"वाईट माणूस परवडला. त्याला म्हशीचं काय पडलेलं नसतं," मी म्हटलं. मी एकदा बोलले की बोलले.

जिन्यावरून हाक मात्र चालूच होती. "आक्का, म्हशी काय म्हणत्यात?" मी मुद्दाम जास्त जोरात ओरडायची, "तुला काय करायचंय?" "बरं."

श्रावणात एका सकाळी हाक आली नाही. मी धार काढली, दूध घातलं. वाटलं, गेला असेल खोली बघायला. संध्याकाळीही हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धारेला बसले तर चंद्री सारखी मान वळवून जिन्याकडं बघत होती. का मीच बघत होते आणि ती माझ्याकडं बघत होती, कोण जाणे. बादली घेऊन उठले आणि जिन्याखाली नजर गेली. चपलांचे दोन्ही जोड जागेवर होते. बसवंत एक जोड घरी ठेवतो, पण दोन्ही घरी ठेवून अनवाणी फिरणारा तो माणूस नाही.

हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मग खिळ्याच्या किल्ल्या काढल्या आणि जिना चढले. माझे गुडघे गेल्यापासून मी तो जिना चढलेली नव्हते.

किल्ल्या लागल्याच नाहीत. बाहेर कुलूप नव्हतं आणि आतून कडीही नव्हती. दार नुसतं ढकललेलं. बसवंत अंथरुणात पडला होता, अंग भट्टीसारखं, ओठ सुकलेले. दोन्ही स्टोव्ह थंडगार. उशाशी पाण्याचे दोन तांबे, दोन्ही रिकामे. आणि दोन फोन.

मी खिडकीतून शकीलाला हाक मारली आणि रिक्षा आणायला सांगितलं. ह्याला पाणी पाजलं. मग म्हटलं, "अरे, दोन-दोन फोन उशाशी घेऊन पडलास. एकावरनं तरी फोन करायचास."

"कुणाला करू?" तो म्हणाला.

मी ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसलं. "हापिसात तरी. त्यांचा पण फोन आला न्हाय?"

"येणार न्हाय." त्याला धाप लागत होती, पण चेहऱ्यावर तीच ती लेकराबद्दल बोलल्यासारखी तऱ्हा. "तिथलं सगळं चालू असणार, आक्का. मी असं लावलंय, की कोण नसलं तरी कळत न्हाय."

त्याचं हे काम चांगलं झालं म्हणायचं की वाईट, मला समजेना. मी फडकं पिळलं.

"आणि कडी का घातली न्हाईस?"

"आतनं कडी घातली तर बाहेरचा येणार कसा?"

"कोण बाहेरचा?"

खाली रिक्षाचा आवाज आला. शकीला आणि रिक्षावाला त्याला धरून उठवायला लागले, तेव्हा तो डोळे उघडून मला म्हणाला, "म्हशी काय म्हणत्यात?"

"गप बस," मी म्हटलं.

दवाखान्यातून तो आला तो हाडांचा सापळा होऊन. मी दोन्ही वेळा भात आणि आमटी वर पाठवली. शकीला म्हणाली, "आक्का, डबा पण दोन-दोन व्हय?" मी तिला तिचं शिवणकाम बघायला सांगितलं. गणपती बसले, गणपती गेले. खोलीचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. भिंतीवरच्या घड्याळाला मी सेल घातला आहे. ते आता चालतं, पण त्याच्या दोन्हींपेक्षा वेगळी वेळ दाखवतं.

परवा सकाळी धारेला बसले. बिजलीला पान्हा फुटायला वेळ लागत होता. वर अजून हालचाल नव्हती. मी बसल्या जागेवरूनच ओरडले, "बसवंत, हाईस का रं?"

वर कॉट करकरली. मग आवाज आला, "तुमास्नी काय करायचंय, आक्का?"

"बरं," मी म्हटलं आणि धार काढायला लागले.