एकशे पासष्ट बटणं

घड्याळजींनी सूर्यमालेचा खेळ तयार केला तेव्हा त्यात फासा ठेवला नाही, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथंच होतं. "ग्रह काय फासा टाकून फिरतात होय?" असं ते विचारायचे. तीस वर्षं त्यांनी लोकांची मागं पडणारी घड्याळं वळणावर आणली होती. आता म्हातारपणी स्वतःच्या हातानं ग्रह चुकीच्या वेळेला धाडायचे, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

तर खेळ असा होता. मधे सूर्य, भोवती आठ ग्रहांच्या आठ वाटा, प्रत्येक वाटेवर बारा घरं. सूर्याच्या पोटात एक छोटं घड्याळ. ते दर दहा सेकंदांनी 'टिण्' वाजायचं. एक टिण् म्हणजे एक महिना. प्रत्येक टिणला पृथ्वी एक घर पुढं जाणार, बुध चार घरं जाणार. गुरूला एक घर सरकायला बारा टिण् थांबायचं, शनीला तीस, आणि नेपच्यूनला एकशे पासष्ट. पाच वर्षांच्या पोरांना एवढं मोजता कुठून येणार, म्हणून नेपच्यूनबरोबर दोन डबे दिलेले. एकात एकशे पासष्ट बटणं, दुसरा रिकामा. दर टिणला एक बटण या डब्यातून त्या डब्यात टाकायचं. पहिला डबा रिकामा झाला की नेपच्यून एक घर पुढं.

नमुन्याच्या खोक्यातली बटणं बायकोच्या शिवणाच्या खणातून गेली होती. बायको लोकांचे कपडे शिवायची. तिच्या खोलीत आता छतापर्यंत या खेळाची आणखी चाळीस खोकी रचलेली होती, त्यांत बटणं भरायची राहिलेली, आणि तिचं मशीन स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात येऊन बसलं होतं. दुधाचं पातेलं घेऊन जायचं तर मशीनला वळसा घालून, पोट आत ओढून जावं लागे.

"लोकांना साडेसाती लागते, ती निदान साडेसात वर्षांनी सुटते," बायको त्या दिवशी सकाळी म्हणाली. "तुमच्या या ग्रहांचं काय? आज शाळेनं घेतली खोकी तर घेतली. नाहीतर संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावते की नाही बघा!"

"अगं, दोन वर्षांची मेहनत आहे ती."

"आणि माझी खोली? ती काय वाटेवर पडली होती?"

 घड्याळजींनी नमुन्याचं खोकं बगलेत मारलं आणि निघाले. जाताना त्यांनी रचलेल्या खोक्यांकडे एकदा मागं वळून पाहिलं.

बालवर्गाच्या मोठ्या बाई वेळेच्या पक्क्या होत्या. म्हणाल्या, "तीस मिनिटं देते. मुलांना आवडलं तर चाळीसही घेईन. नाही आवडलं तर तोंडावर सांगेन, राग मानू नका." त्यांनी वर्गातून आठ मुलं निवडायला घेतली. सातव्या मुलापर्यंत सगळं ठीक होतं. आठवी म्हणून एक चिमुरडी स्वतःच येऊन बसली. तिला पाहून वर्गाच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"हिला वादळ म्हणतो आम्ही," त्या घड्याळजींच्या कानात म्हणाल्या. "काल खिडकीचा पडदा खाली आणलाय. दांडीसकट."

वादळाच्या वाट्याला नेपच्यून आला. घड्याळजींनी बटणांचे डबे तिच्यापुढं ठेवले, काय करायचं ते समजावलं आणि घड्याळाला चावी दिली.

टिण्. टिण्. टिण्.

"मी जिंकलो!" बुधवाला ओरडला. तीन टिणांत त्याची फेरी पुरी झाली होती.

मोठ्या बाईंनी मनगटाकडे पाहिलं. "संपला? अर्ध्या मिनिटात?"

"छे हो, आत्ता तर सुरू झाला. बाकीचे फिरतायत ना अजून."

"काका, माझा नंबर कधी?" गुरूवाल्यानं विचारलं.

"अजून नऊ टिण्, बाळा."

गुरूवाल्या बाळानं नऊ टिण् वाट पाहिली नाही. त्यानं गुरू उचलला आणि थेट शेवटच्या घरात आपटला. "मी पण जिंकलो!" झालं, तेवढं निमित्त पुरलं. शुक्र, मंगळ, शनी, सगळ्यांनाच आता बुध व्हायचं होतं. पाच हात एकदम बुधावर पडले. घड्याळजी आकाराच्या बाबतीतही काटेकोर असल्यामुळे गुरू लिंबाएवढा आणि बुध मुगाच्या दाण्याहूनही लहान होता. तो कुणाच्या तरी बोटांतून निसटला आणि कपाटाखाली गेला.

सात पोरं कपाटाखाली घुसायला लागली. दोन घुसली, तिसरं अडकलं. त्याला पाय धरून ओढेपर्यंत शनीवालीनं शनीची कडी काढून मनगटात घातली आणि मग भोकाड पसरलं, कारण कडी निघेना. वर्गाच्या बाई साबण आणि पाण्याचा पेला घेऊन धावल्या. पेला कपाटाखालून बाहेर येणाऱ्या पोराच्या डोक्याला लागला आणि पाणी पटावर गेलं. घड्याळजींनी स्वतः रंगवलेला सूर्य ओघळत ओघळत पृथ्वीपर्यंत आला.

घड्याळजींना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. गुडघ्यावर बसून ते रुमालानं सूर्य टिपत होते, आणि डोळ्यांपुढं भंगारवाल्याची हातगाडी येत होती. शनीची कडी साबणानं एकदाची सुटली.

"पुरे झालं," मोठ्या बाई म्हणाल्या. "उचला हे सगळं. मुलांना बाहेर खेळायला सोडा."

घड्याळजींनी घड्याळाच्या चावीला हात घातला.

"थांबवू नका ना!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. वादळ मांडी घालून जागच्या जागी बसलं होतं. एका हातात बटण, नजर घड्याळावर. टिण् झालं, बटण दुसऱ्या डब्यात पडलं. पुढचं बटण हातात आलं.

"माझी अजून आहेत," ती म्हणाली.

"ही केव्हापासून बसलीये अशी?" मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

"पहिल्यापासूनच असेल. गडबडीत माझं लक्षच नव्हतं," वर्गाच्या बाई म्हणाल्या.  "वीस मिनिटं झाली, बाई. ही वीस मिनिटं एका जागी!"

शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावलं गेलं. त्याही दारात उभ्या राहून बघत राहिल्या.  मुलंसुद्धा एकेक करून येऊन वादळाभोवती बसली. सत्ताविसावं मिनिट उलटलं, शेवटचं बटण पडलं, आणि वादळानं निळा नेपच्यून दोन बोटांत धरून ओल्या पटावर एक घर पुढं ठेवला.

"गेला!" एवढा आरडाओरडा झाला की खिडकीवरची कबुतरं उडाली.

वादळानं घड्याळजींकडे पाहिलं. "काका, पुढच्या घरात कधी जायचं?"

"परत एवढीच बटणं टाकायची, बाळा."

तिनं उरलेली अकरा घरं बोटानं एकेक करून शिवून पाहिली. "बाप रे," ती म्हणाली. "केवढा लांब राहतो हा!"

 दोन वर्षांत हे वाक्य घड्याळजींना कुणी ऐकवलं नव्हतं, बायकोनं तर नाहीच नाही.

मोठ्या बाई त्यांना बाजूला घेऊन गेल्या. "घेतली. चाळीसच्या चाळीस खोकी घेतली. फक्त एक बदल करा. बुध नको, शुक्र नको, ते बाकीचं काहीच नको. आठही नेपच्यून करा."

"आठ नेपच्यून?" घड्याळजी उडालेच. "अहो बाई, सूर्यमाला आहे ती! एकच नेपच्यून असतो!"

"आकाशात एक असू दे. माझ्या वर्गात आठ हवेत."

घड्याळजींनी एकदा ओल्या पटाकडे पाहिलं, एकदा वादळाकडे. ती सगळी बटणं परत पहिल्या डब्यात भरत होती. मग त्यांना बोळातलं मशीन आठवलं आणि त्यांनी मान हलवली.

घरी बायको दारातच उभी होती. "गेली का खोकी?"

"गेली समज. सगळी घेतली." त्यांनी झाला प्रकार पहिल्यापासून सांगितला. वादळाचं ऐकून बायको पदर तोंडाला लावून हसली, आणि लगेच मशीन आत न्यायला निघाली.

"फक्त एक आहे," घड्याळजी चाचरत म्हणाले. "नेपच्यूनला बटणं लागतात. खोक्याला आठ नेपच्यून, अशी चाळीस खोकी."

"म्हणजे किती बटणं?"

"बावन्न हजार आठशे."

बायको मशीनच्या बाजूला थबकली. "आणि ती मोजून मोजून डब्यांत भरायची कुठं?"

"तुझी खोली जरा मोठी आहे म्हणून म्हटलं..."

 बायकोनं नमुन्याच्या खोक्यातले बटणांचे दोन्ही डबे काढले, घड्याळाला चावी दिली आणि सगळं त्यांच्यापुढं मांडलं.

"बसा," ती म्हणाली. "टिण् झालं की एक टाकायचं. डबा रिकामा होईपर्यंत उठायचं नाही आणि तोंडही उघडायचं नाही."

घड्याळजी बसले. मधेच उठणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. सत्तावीस मिनिटं आणि तीस सेकंदांनी त्यांनी शेवटचं बटण टाकून मान वर केली, तेव्हा चाळीसही खोकी बोळात आली होती, आणि आतल्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता.