गॅरेजचं दार आणि साडेबाराचं तापमान

मोजमापात आपली चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं तपासनीस छातीठोकपणे सांगत. आणि का सांगू नये? बावीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे तपासण्याची नोकरी! त्यांची गाडी गल्लीत वळली की भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फुटे. घरीही तोच खाक्या. दूध उतू गेलं तर साहेब आधी विचारणार, किती गेलं. गॅस मग सवडीने बंद होणार.

अशा माणसाच्या बायकोला ऐन उन्हाळ्यात शिलाई मशीनवर बसल्या बसल्या भोवळ आली. मशीन होतं गॅरेजमध्ये. नवरा सकाळी गाडी घेऊन गेला की त्या रिकाम्या जागेत तिचं राज्य सुरू होई, ते संध्याकाळी गाडी परत येईपर्यंत. अर्ध्या शाळेचे गणवेश तिच्या हातचे. पण गॅरेजचं दार साध्या पत्र्याचं. दुपारी हात लावला तर चटका बसे.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "जागा गार करा, नाहीतर उन्हाळाभर शिवण बंद."

बायको पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत घरी आली. तपासनिसांना ते बघवेना.

"पंधरा दिवस दे," ते म्हणाले. "नवं दार बसवतो. दोन पत्रे, मध्ये फोम. तापमान पस्तीसच्या खाली आणून दाखवतो. नाही आलं, तर मशीनवर कापड घालून ते मी स्वतः बंद करीन."

गॅरेजच्या भिंतीला तापमापक टांगून जुन्या दाराआडचं तापमान त्यांनी रविवारी दुपारी वहीत टिपलं: एक्केचाळीस. बुधवारी दारवाला नवं दार बसवून गेला. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तपासनीस मुद्दाम कार्यालयातून घरी आले. गाडी आत घेतली, दार लावलं, कारण बंद दाराचं तापमान तेच खरं. मग स्टुलावर बसून पंधरा मिनिटांनी पाहतात तर बेचाळीस!

"अगं, हे दार उलट तापवतंय."

"राहू दे. आलाच आहात तर जेवून घ्या," बायको म्हणाली. कापड बाजूला सारून तिने तिथेच दोन ताटं मांडली.

शुक्रवारी त्रेचाळीस. मग मात्र तपासनिसांनी आरोपी शोधायला घेतला. पहिली पकडली इस्त्री. तिची रवानगी स्वयंपाकघरात. नंतर मोठा बल्ब काढून छोटा लावला. पुढच्या आठवड्यात नजर गिऱ्हाइकांवर गेली.

"माणसाचं अंगसुद्धा सदतीस अंशांचं असतं. मापं बाहेर घे," त्यांनी फर्मावलं.

बायको टेप घेऊन रस्त्यावर उभी राहिली. दोन गिऱ्हाइकं पाहून आणखी तिघीजणी मागे येऊन थांबल्या. कसली रांग आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण रांग आहे म्हणजे काहीतरी मिळत असणार. त्यातली एक शेवटी झगा शिवायला टाकून गेली.

गॅरेजमध्ये आता मशीन आणि बायको एवढंच उरलं. आणि तापमान त्रेचाळीस! एरवी कात्री जागेवर नसली तरी घर डोक्यावर घेणारी बाई एका शब्दाने कुरकुरत नव्हती, ह्याने तपासनीस जास्तच घाबरले. दुपारी जेवताना ती कुठलं पोर वर्षात किती वाढलं ते सांगत बसे. ते ऐकताना तपासनीस मशीनवर कापड घालायला उरलेले दिवस मोजत.

तेराव्या दिवशी त्यांनी दारवाल्याला बोलावलं. ते साडेबाराला पोचले तेव्हा तो आत बसून पाणी पीत होता. त्यांनी गाडी आत घेतली, दार लावलं.

"आता पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे तुमच्या दाराचे गुण दिसतील."

तिघांच्या डोळ्यांदेखत पारा वर सरकू लागला. "बघा, चढतोय," तपासनीस आनंदाने म्हणाले. दारवाल्याने तिकडे पाहिलंच नाही. त्याने गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"साहेब, गाडी सकाळपासून कुठे होती?"

"कार्यालयाच्या आवारात. उन्हात."

"आणि रोज ह्याच वेळी आत येते?"

"मोजायला यावंच लागतं ना."

"मी आलो तेव्हा इथे तेहतीस होतं. दार बाहेरची उष्णता आत घेत नाही, तशी आतलीही बाहेर सोडत नाही. पेटती शेगडी घेऊन आत बसलात तर दाराने काय करावं?"

काट्यावर अंगठा ठेवून माल तोलणारे तपासनिसांनी शेकड्यांनी पकडले होते. आज त्यांचा स्वतःचा अंगठा सापडला. रविवारी गाडी घरीच उभी, म्हणून गार होती, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. दारवाला हसू दाबत निघून गेला.

"तुला कळलं होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"पहिल्याच दिवशी. सकाळपासून छान गार असतं. तुम्ही गेलात की दार उघडते, थोड्या वेळात निवतं."

"अगं, मग बोलायचं नाही? मशीन बंद व्हायची वेळ आली होती."

"पंधराव्या दिवशी सांगणार होते." तिने सुईत दोरा ओवायला घेतला. "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. रविवार सोडून दुपारी कधी बरोबर जेवलो आपण? सांगितलं असतं, तर आला असता का?"

तपासनीस उठले. स्वयंपाकघरातून इस्त्री उचलून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी गाडी कार्यालयातच राहिली. तपासनीस वीस मिनिटं उन्हातून चालत, लालबुंद होऊन, सदरा घामाने चिंब अशा अवस्थेत गॅरेजात शिरले आणि स्टुलावर बसले. बायकोने ताटं मांडली, तपासनिसांनी वही उघडली.

"अहो, तुम्ही बसल्यापासून तेहतीसचं चौतीस झालं," ती म्हणाली.

तपासनिसांनी पाऱ्याकडे पाहिलं. चौतीसच होतं. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच खोटी नोंद केली: तेहतीस.