सगुणाबाईसाहेबांच्या उजव्या खांद्याची मोहीम

श्री गजानन प्रसन्न. श्री कुलस्वामिनी प्रसन्न. ज्यांचे कडेवर लेकरू आहे, आणि ज्यांचे कडेवर लेकरू घ्यावयाचे राहोन गेले आहे, त्या उभयतांस दंडवत करोन लिहिले ऐसे जे: शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, थंडीचे दिवसांत एका राज्यात सगुणाबाईसाहेब मातोश्री नांदत होत्या. राज्य तिसरे मजल्यावर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, उत्तरेस जिना, दक्षिणेस कपडे वाळत घालावयाची गॅलरी, येवढ्या सरहद्दीत. मातोश्रींचे चिरंजीव मुलुखगिरीस दूर शहरी कंपनीचे चाकरीत. शनिवारी येत आणि सोमवारी पहाटे कूच करीत. मागे सर्व कारभार सूनबाई ऋजुताबाईसाहेब यांजकडे. बाई कॉलेजात शिकलेल्या, स्वभाव बहुत सावध. गॅसचे बटण दोनदा पाहावे, दुधाची तारीख तीनदा वाचावी, आणि गादीचे वारस इंद्रनीलराव, वय दहा महिने, निजले असता नाकाशी बोट धरोन श्वास चालतो की नाही याची खातरी करावी, ऐसा शिरस्ता.

मातोश्रींचा उजवा खांदा बहुत दिवसांपासोन फितूर जाहला होता. सांधा झिजोन गेला. हात छातीपर्यंत येई, तेथोन वर जाणे नाही. घास घेतेसमयी डाव्या हाताने उजवे कोपर उचलोन धरावे लागे. नातू पलंगास धरोन उभा राही आणि आजीकडे हात करी, तेव्हा मातोश्री "मला काम आहे हो राजा" ऐसे सांगोन तोंड फिरवीत, आणि काम तर काहीच नसे. हे बाईंनी पाहिले आणि चित्तात ठेविले. सांधा बदलावा ऐसी वैद्यांची मसलत दोन वर्षांपासोन होती, परंतु मातोश्री म्हणत, "हाडं बदलून मला कुठं राज्य करायचंय?" मग एके दिवशी इंद्रनीलराव पलंगाचे कडेवरोन कलले, मातोश्री शेजारीच होत्या, हात पुढे केला तो हात गेलाच नाही, आणि बाईंनी स्वयंपाकघरातोन धावोन येऊन वारसांस वरचेवर झेलिले. त्या दिवशी मातोश्री जेवल्या नाहीत. सायंकाळी म्हणाल्या, "कर बाई काय ते." आणि बाई समजल्या की हा होकार एकदाच मिळावयाचा, मोडला तर पुन्हा मिळणे नाही.

मग शस्त्रवैद्य वागळेपंत यांजकडे जाणे जाहले. त्यांणी खांद्याचा सीटी स्कॅन करविला. मातोश्रींस यंत्राचे बोगद्यात निजविले, आणि यंत्रशाळेचे कारभारी काचेपलीकडोन ध्वनिवर्धकावर "आजी, आता हलायचं नाही" ऐसे बोलिले, आणि बटण तसेच दाबलेले ठेवोन दुसरे कोणाशी बोलावयास मान वळविती जाहले. बाई त्यांचे मागे लेकरास घेऊन उभ्या. इतक्यात लेकरू शिंकले. शिंक ध्वनिवर्धकातोन आत पोचली, आणि मातोश्रींचे ओठ हालले, "शतंजीव", आणि उजवा हात आशीर्वादास निघाला, तो वर येईना म्हणोन खांदाच तेवढा कणभर उचलला आणि पुन्हा निजला. बाईंनी काचेतोन पाहिले आणि त्यांस हसू आले. कारभारी म्हणाले, चित्र झकास आले. मातोश्री बाहेर येऊन अभिमानाने सांगत्या जाहल्या की आपण तीळभर हाललो नाही.

पुढे दवाखान्यात दाखल जाहल्यावर शस्त्रक्रियेचे आदले दिवशी वागळेपंतांनी पडद्यावर खांद्याचे चित्र काढोन सर्व योजना समजाविली. खांद्याची खोबण मांसाचे आड दडलेली, शस्त्रवैद्यांस तिचा थोडाच भाग दिसतो. तेथे तिरपे छिद्र पडले तर नवा सांधा ढिला होतो आणि हात पहिल्यासारखाच वर जात नाही. म्हणोन हाडावर एक लहान खूण बसवावयाची, छतापाशी कॅमेरा, तो खुणेवर आणि वैद्यांचे अवजारावर नजर ठेवितो, आणि संगणक स्कॅनचे नकाशावर दाखवितो की टोक कोठे आहे व कोणीकडे चालले आहे. मातोश्रींनी विचारिले, यंत्र कापते काय? पंत म्हणाले, "नाही आजी. कापणार मीच. ते फक्त वाट दाखवतं. नकाशा बरोबर असला की वाट बरोबर."

हे ऐकोन बाईंनी मातोश्रींचे खांद्याकडे पाहिले. काचेपलीकडोन पाहिलेला तो खांदा डोळ्यांपुढे आला. बोलावे तर मोहीम तहकूब होईल, मातोश्री चारचौघांत खोट्या ठरतील आणि घरी चला म्हणतील. न बोलावे तर नकाशा कोठे चुकला असेल कोणास ठाऊक. मातोश्री त्या समयी पदर सावरोन अगदी तयार होऊन बसल्या होत्या. आणि मग बाई बोलल्या, "डॉक्टर, स्कॅन चालू असताना आई हालल्या होत्या. मी पाहिलं."

"मी? तीळभर नाही."

"बाळ शिंकलं तेव्हा तुम्ही शतंजीव म्हणालात, आई."

मातोश्री म्हणाल्या, "ते होय. ते काय हालणं झालं?"

पंत हसले नाहीत. त्यांणी चित्र मोठे करोन एकेक काप पाहिला, आणि खोबणीचे कडेस हाडात एक बारीक पायरी दिसली, जी हाडाची नव्हती, हालण्याची होती. ते म्हणाले, हाडावर टोक टेकवोन नकाशा जुळविताना यंत्राने बहुधा तक्रार केली असती, परंतु तोवर खांदा उघडलेला असता आणि अंदाजाने चालावे लागले असते. सबब उद्याची मोहीम रद्द, नवा स्कॅन, मग शस्त्र.

मातोश्री खोलीवर आल्या आणि पिशवी भरू लागल्या, डाव्या हाताने, म्हणोन काहीच नीट भरेना. म्हणाल्या, शकुन नाही, घरी चला, आणि सुनेने परक्यांसमोर तोंडघशी पाडिले. बाई पिशवीतले कपडे पुन्हा काढोन ठेवीत राहिल्या आणि रडू लागल्या. मग मातोश्री पलंगावर टेकल्या आणि हळूच विचारित्या जाहल्या, "आणि मी आत असताना ते पुन्हा शिंकलं तर? तसंच सोडायचं?"

"मी म्हणेन."

"तुझा विश्वास आहे का असल्यावर?"

"नाही. पण म्हणेन, आई."

"मनात पुटपुटू नकोस. मोठ्यानं म्हण."

येणेप्रमाणे तह जाहला. दुसरे स्कॅनसमयी मातोश्री शिळेसारख्या निजल्या, आणि बाई बाहेर ओठांवर शब्द तयार ठेवोन उभ्या. लेकरू शिंकले नाही, जांभई मात्र दिली. मग शस्त्रक्रिया जाहली. पंतांनी मागाहोन सांगितले की मध्येच एक परिचारिका कॅमेऱ्याचे आड आल्या आणि पडद्यावरील वाट नाहीशी जाहली, त्या बाजूस होताच पुन्हा उमटली. बाकी टोक जेथे टेकविले तेथे नकाशा हाडाशी जुळला, आणि नवी खोबण योजिली तशीच बसली.

पुढे मातोश्रींचा हात झोळीत राहिला, मग व्यायाम लागले. भिंतीवर बोटे चालवीत वर न्यावी, थकले की उतरावे, आणि इंद्रनीलरावांनी खाली बसोन तीच नक्कल करावी. वजन उचलावयाची मनाई होती. फाल्गुनमासी एके दुपारी बाई न्हाऊन, केस न विंचरताच, लेकरामागे धावत होत्या. मातोश्रींनी बोलाविले, "इकडे बस जरा." बाई घाबरोन म्हणाल्या, दुखते काय? मातोश्रींनी त्यांस समोर बसविले. दोन्ही तळवे सुनेचे मुखावरोन उतरविले आणि आपले कानशिलाकडे नेले. डावा सहज पोचला. उजवा खांद्यापाशी थांबला, थरथरला, मग कानापाशी आला, मग कानशिलास टेकला, आणि दोन्हीकडची बोटे कडाकडा मोडली.

"सगळ्यांवर नजर ठेवतेस," मातोश्री म्हणाल्या, "तुझी कोण काढणार?"

बाई आणखी जवळ सरकल्या. त्या तेथेच, ओले केस सासूचे मांडीवर टाकोन, दुपार कलेपर्यंत बसोन राहिल्या, आणि त्या दिवशी लेकराचा श्वास पाहावयाचे विसरल्या.

सारांश इतकाच. खांद्याची मोहीम नकाशा दुसऱ्यांदा काढोन फत्ते जाहली, आणि हात कानशिलापर्यंत पावला. वारसांस उचलोन घेण्याचा हुकूम पंतांकडोन अद्याप सुटावयाचा आहे. तोवर वारस आजीचे मांडीवरोनच राज्य करितात. हे झाले तैसे सांगितले.