कोवळ्या पेरूचे रखवालदार

बिराजदार सर पेरू खाण्याआधी उकळायचे. सगळा नव्हे, एक फोड. तिचा रस परीक्षानळीत घालायचा, वर निळं औषध ओतायचं आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. रंग विटकरी झाला तर साखर भरली, पेरू पास; हिरवट राहिला तर नापास. खिडकीतली ती नळी पाहून, सर लघवीतली साखर तपासतात असं समजून, आमच्या गल्लीनं त्यांना मधुमेही ठरवलं आणि कित्येक वर्षं बिनसाखरेचा चहा पाजला. सरांनीही तो भिडेखातर प्यायला.

सर मूळचे करकंबचे, सोलापुरात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. वर्गात भाषा पुस्तकी, अंगणातल्या पेरूखाली मात्र गावाकडची. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी आंघोळीचं पाणी या झाडाला घातलं होतं. कोवळ्या फळाला कुणी हात लावला की ते त्याला धरून बसवत.

"पानं साखर धाडत्यात. फळातलं एन्झाइम ती फोडतंय. फुटली की फळ म्हणतंय, आणखी धाड. हे चालू हाय तवर फळ वाढतंय की. बंद पडलं, की गळालं."

बायको लवकर गेली. एकुलती लेक सुमी लग्न होऊन मोहोळला गेली, आणि घर त्यांना खायला उठू लागलं. मग सुमीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सरांनी स्वतः खोलीला चुना मारला, माळ्यावरचा पाळणा उतरवला. तेवढ्यात विहीणबाईंचा निरोप आला: घरात बाई नाही, तिथं कोण करणार? सून इथंच राहील.

सर मोहोळला गेले आणि विहीणबाईंना तासभर एन्झाइम समजावून आले. कोवळ्या जिवाला काय लागतं ते आपल्याला कळतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. विहीणबाईंनी चहा दिला आणि एसटीला बसवून दिलं. सुमी आतल्या दारातून नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. माझी बायको तांदूळ निवडत होती.

"वहिनी, बाळाला न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, हे पुरुषाला शिकता येतंय का?"

"येतंय की. पण उद्या मी येते तुमच्यासंगं मोहोळला. मी करणार हाय म्हणून सांगते विहीणबाईंना."

सरांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तुमी याच. पण मलाबी शिकवा. आई गेल्यावर सुमी लई रडायची. ती रडाय लागली की मी कायतरी शिकवत बसायचो. जवळ घ्यायचं राहूनच गेलं, वहिनी."