फ्रान्सचा नकार

"यंदा बदली होणार म्हणजे होणारच!" असं खुशाल सरांनी आरशाला ठणकावून सांगितलं आणि गालाला साबण फासला.

बदली हवी होती निर्मल गावाला. तिथे त्यांची बायको आशाबाई दवाखान्यात नर्स होती. सहा वर्षं नवरा आंध्रातल्या, भैंशापलीकडच्या या मराठी खेड्यात आणि बायको तिकडे! आता मात्र आदिलाबादहून शिक्षण खात्याचे मोठे तेलुगू साहेब शाळा बघायला येणार होते. युनोला पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी! सरांनी शाळेत थेट जगाचीच सभा भरवायचं ठरवलं. पोरं देश होतील, पर्यावरणावर बोलतील, मानवी हक्कांवर बोलतील, साहेब खूश होतील आणि बदलीच्या अर्जावर सही ठोकतील. इतकं सोपं!

सकाळी शाळेत जाऊन बघतात तर पोरं चार! बाकी सगळी कापूस वेचायला गेलेली. ऑक्टोबरात दुसरं काय होणार? पण सर कसले डगमगतात! मारुतीच्या पारावर गेले आणि रिकामी बसलेली मोठी माणसंच उचलून आणली.

"पाच देश मोठे," सरांनी समजावलं. "बाकी अख्खं जग 'हो' म्हणालं, पण या पाचांतला एक 'नाही' म्हणाला, की ठराव अडला!"

"म्हंजे लग्नात जावई रुसते तसं," धोंडीबा म्हणाला.

"अगदी तसंच!" सर म्हणाले, आणि इथेच चुकले. जावयासारखं वागायला कुणाला शिकवावं लागतं का?

माणिकराव पाटील अमेरिका झाले, धोंडीबा रशिया, नागोराव इंग्लंड, यशवंतराव चीन आणि सुधाकरराव फ्रान्स. सर गंधाची वाटी घेऊन कपाळं रंगवत निघाले. सुरुवात अमेरिकेपासून. सुधाकररावांचा नंबर पाचवा लागला.

"आमच्या आज्यापासून पयला गंध आमाले!" फ्रान्स कडाडला, उपरणं झटकलं आणि तरातरा घरी निघून गेला. सर मनवायला दारापर्यंत धावले, तर दारात साहेबांची जीप!

फ्रान्सची खुर्ची रिकामी! शाळेत पाणी भरणारी मनकर्णा चहाची किटली घेऊन समोरच उभी होती.

"मनकर्णाबाई, बसा इथं!"

"मी? पाटलाच्या बाजूले?"

"आज तुम्ही फ्रान्स! बोलायचं काही नाही. सगळ्यांनी हात वर केला की आपणही करायचा, बस्स."

मनकर्णा पदर सावरून बसली. किटली मांडीवरच राहिली.

साहेब स्थानापन्न झाले. माणिकरावांनी घसा खाकरला. "जगानं जंगल राखलं पाह्यजे. आमची अमेरिका..."

"अन् माह्या बांधावरचं निंबाचं झाड कोनं तोडलं?" रशिया उसळला.

"थे माह्या हद्दीत होतं!"

"हद्द? कोनाची हद्द? बोलाव मोजणीवाल्याले!"

दोन्ही देश बाह्या सरसावून उभे राहिले. सर मध्ये पडायला धावले. पण साहेब तर टाळ्या वाजवत होते! "बागुंदी, बागुंदी! बहुत अच्छे! एकदम असली लगता है!"

सरांच्या जिवात जीव आला. घाईघाईनं त्यांनी शेवटचा ठराव वाचला. "जगातल्या प्रत्येक मुलीला शिक्षणाचा समान हक्क आहे. मान्य?"

अमेरिकेचा हात वर. रशिया, इंग्लंड, चीन, सगळ्यांचे वर. मनकर्णाचा हात किटलीवर.

"मनकर्णाबाई, हात!"

"नाई."

"अहो, असं काय करता? मुलींच्या भल्याचा ठराव आहे!"

"समजते मले. माही भागीरथा सातवी पास झाली अन् जूनपासून घरी बसून राह्यली. इथं आठवी नाई. भैंशाले अकरा मैल एकटी पोर कशी धाडू? जगातल्या पोरींचं मले काऊन सांगून राह्यले? माह्या पोरीचं सांगा!"

साहेबांनी हसत घड्याळ पाहिलं. "अम्मा, कर दो ना मंजूर."

"फ्रान्स रुसला, साहेब," धोंडीबा गंभीरपणे म्हणाला. "आता मनवल्याबिगर कोनी उठाचं नाई."

रुसलेल्याला मनवल्याशिवाय पंगत उठत नाही, ही गावची रीत. नागोराव जाऊन दारात बसले. ड्रायव्हरलाही आत आणून सतरंजीवर बसवलं.

साहेब मनाचे भले. म्हणाले, "ठीक है. आठवी इधर ही खोलेंगे. मंजुरी मेरे हाथ में है."

काय टाळ्या पडल्या! मनकर्णाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सरांचाही ऊर भरून आला. शिकवलेली पोर पुन्हा वर्गात बसणार! असा दिवस मास्तरच्या नशिबी रोज येतो का?

"लेकिन पढ़ाएगा कौन?" साहेबांनी फाइल उघडली. वरच सरांचा अर्ज. "आठवी का मराठी मास्टर मेरे पास ये एक ही है. और ये तो निर्मल जा रहा है."

पाचही देशांनी माना वळवून सरांकडे पाहिलं.

"सर कुठं जाते?" अमेरिका म्हणाली.

"जाऊच देत नाई!" रशिया म्हणाला. दोघांचं वीस वर्षांत पहिल्यांदा मनापासून एकमत झालं.

"ठराव!" यशवंतराव ओरडले. "खुशाल सरांची बदली होऊ नये. मान्य?"

पाच हात वर गेले. सगळ्यांत उंच मनकर्णाचा.

"अहो, पण... माझं मत?" सरांनीही हात वर केला.

यशवंतरावांनी फळ्याकडे बोट दाखवलं. तिथे सरांच्याच वळणदार अक्षरात सभेचे नियम लिहिलेले होते. नियम पहिला : सभेचे सरचिटणीस खुशाल सर. नियम दुसरा : सरचिटणीसाला मत नसते!