मुंजाभाऊ आणि भट्टीतली हवा

मुंजाभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्यावर थांबून हवा हुंगायचे. एकदा माझ्याकडे आले, तेव्हा आम्हा नवराबायकोचं नुकतंच वाजलं होतं. हे दारातूनच मागे फिरले. म्हणाले, "आतली हवा बरोबर न्हाई, साहेब. निवल्यावर येतो."

सवय कारखान्यातली. परभणीजवळच्या आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरची दातेरी चाकं भट्टीत तापवून कडक करतात. भट्टीतल्या वायूत कार्बन कमी पडला तर चाकाचा वरचा थर मऊ राहतो, जास्त झाला तर काजळी धरते. म्हणून भट्टीतून एक बारीक नळी गॅस ॲनालायझरला जाते आणि त्याच्या पडद्यावर आतल्या हवेचे आकडे दिसतात. या यंत्राचे राखणदार मुंजाभाऊ. मी सुपरवायझर, पण त्यांनी मान हलवल्याशिवाय भट्टीत माल घालायची माझी हिंमत नव्हती. उन्हाळ्यात त्यांनी घरचा पंखा आणून यंत्रापुढं लावला. "माणसाला निदान घाम येतो. ह्याला तेबी न्हाई."

त्यांची बायको मागेच वारली होती. एकुलती लेक रेणू लग्न होऊन पुण्याला गेली, त्यानंतर मुंजाभाऊ एकदाही तिच्याकडे गेले नव्हते. कामून जात नाही, विचारलं की म्हणायचे, "सोयऱ्याच्या घरी बिनाकामाचं कसं जावं? म्हणतील, ह्याला करमंना म्हणून आला."

यंदा दिवाळीनंतर त्यांनी टुमणं लावलं. "आकडे सरकायलेत, साहेब. मशीन पुण्याला दाखवावं लागंल." माल तर चांगलाच निघत होता. पण मुंजाभाऊंचा भरवसा उडाला म्हटल्यावर मालकही घाबरले. भट्टी दुरुस्तीसाठी बंदच होती, तेवढ्यात आम्ही दोघं यंत्र घेऊन रेल्वेनं निघालो. यंत्र सगळा वेळ त्यांच्या मांडीवर. खाली ठेवा म्हटलं, तर "धक्के बसतेत."

पुण्यात यंत्र तपासायला दिलं आणि रेणूच्या घरी गेलो. बापाला दारात बघून तिचे डोळेच भरले. "अप्पा, फोन तरी करायचा."

"मशीनच्या कामाला आलतो," मुंजाभाऊ व्याह्यांकडं बघत म्हणाले. "साहेबांनी लय आग्रह केला, म्हणून इकडं आलो."

मी असा आग्रह केलाच नव्हता, तरी मान डोलावली. रेणूनं भाकरी टाकली. शेजारी बसून वाढता वाढता तिनं विचारलं, "परत कधी जायलात?"

"मशीन झालं की."

"मग होऊ द्या सावकाश," ती म्हणाली. मुंजाभाऊंनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला म्हणाला, "यात काहीच बिघाड नाही. आकडे अगदी बरोबर आहेत."

मी मुंजाभाऊंकडं पाहिलं. ते रुमालानं यंत्र पुसत होते. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. पुसता पुसता त्यांनी दुरुस्तीवाल्याला हळूच विचारलं, "दर साली तपासायला आणावंच लागतं ना?"

"हो. वर्षातून एकदा आणलं की पुरे."

"साहेबांना जरा सांगता का, दोनदा लागतं म्हणून?"

मी शेजारीच उभा होतो. रिक्षा बघतो म्हणालो आणि बाहेर गेलो.