वैद्यकाकांची दारू

कोणाकडे तरी सत्यनारायण होता. हातात प्रसादाचा द्रोण घेऊन वैद्यकाका कोपऱ्यात फोनवर बोलत होते. ‘‘दारू मागच्या वेळी जरा जास्तच झाली. या शनिवारी बेतानं भरू.’’

अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आम्ही नवे होतो आणि हे गृहस्थ आमच्या शेजारच्याच टाउनहाउसमध्ये राहत होते. बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

शनिवारी त्यांच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो. काका चिमट्यानं काळे बारीक दाणे तराजूत टाकत होते. शेजारी रिकाम्या पितळी नळ्या ओळीनं मांडलेल्या. ही दारू बंदुकीची होती आणि काका काडतुसं भरत होते. ते अंडंसुद्धा खात नसत.

अकरा सप्टेंबरचा हल्ला होऊन फार काळ लोटला नव्हता. महाराष्ट्र मंडळातल्या लोकांनी काकांना बाजूला घेऊन समजावलं होतं, की आपण सावळी माणसं, गॅरेजमध्ये दारूगोळा बरा नव्हे. काका म्हणाले होते, की सगळं कायद्यात बसतं, आणि बंदूक माझी नाहीच, जावयाची आहे.

जावई ट्रॅव्हिस. डोंगराकडचा, उंच, लाजाळू, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. मंजिरीनं, म्हणजे काकांच्या एकुलत्या एक मुलीनं, त्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा काका एकच शब्द बोलले होते, ‘‘रिजेक्ट.’’ काकांची उभी हयात रॅली शहराजवळच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात गेली होती आणि त्यांचं इंग्रजी तिथंच घडलेलं. मुलीनं लग्न केलंच. काकू आधीच गेलेल्या, त्यामुळे मध्यस्थी करायलाही कोणी नव्हतं.

मग एका दिवाळीत ट्रॅव्हिस म्हणाला, की आजोबांची रायफल हरणाच्या शिकारीत ऐन वेळी अडकते. काकांनी त्याच्याकडची दुकानातली काडतुसं मागून घेतली, मापली, आणि म्हणाले, की बंदुकीचा दोष नाही, हा मालच तिच्या मापाचा नाही. तिथपासून सासरा-जावयाचं जमलं.

मला त्यांनी पुष्कळदा समजावलं. साध्या रायफलीत प्रत्येक बार उडाल्यावर खटका हातानं मागे ओढायचा असतो, त्यामुळे काडतूस थोडं उन्नीस-बीस असलं तरी माणूस निभावून नेतो. ट्रॅव्हिसच्या रायफलीसारखी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक उडालेल्या बाराच्याच जोरावर रिकामी नळी फेकते आणि पुढचं काडतूस आत घेते. दारू कमी पडली तर ती अर्ध्यात थांबते, जास्त झाली तर स्वतःलाच ठोकून खिळखिळी करते. ‘‘तिला बेताचंच लागतं,’’ काका म्हणायचे. चहात साखर, हायवेवर गाडी, पाहुण्यांचा मुक्काम, सगळं त्यांना बेताचंच लागे.

मंजिरी गॅरेजच्या पायरीवर बसून दोघांची भाषांतरं करायची. काकांना ट्रॅव्हिसचं डोंगरी इंग्रजी कळत नसे, त्याला काकांचं. दोघांच्या चुका ऐकून ती पोट धरून हसायची. आमच्या खिडकीपर्यंत ऐकू यायचं.

पुढच्या वर्षी पानगळीत ती आजारी पडली आणि थंडी संपायच्या आत गेली.

ट्रॅव्हिस शनिवारी येत राहिला. आता मध्ये बोलणारं कोणी नव्हतं. दोघं आकड्यांत बोलायचे. काका नळी पुसून पुढे करायचे, ट्रॅव्हिस ती मापून परत द्यायचा. त्याच्या एका शिकारीच्या मोसमाला पुरतील त्याहून कितीतरी जास्त काडतुसं भरून झाली होती, तरी काम थांबत नव्हतं.

असाच काही काळ गेल्यावर ट्रॅव्हिसनं मला आमच्या ड्राइव्हवेवर गाठलं. त्याला कोणीतरी भेटली होती. तिचं घर पार उत्तरेला मोंटानात होतं, दोघं तिकडेच स्थायिक होणार होते. हे काकांना सांगताना मी सोबत असावं, असं त्याचं म्हणणं.

गॅरेजमध्ये त्यानं मान खाली घालून सांगितलं. मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण काकांना कळलं होतं. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

‘‘त्याला विचार, तिकडे थंडी किती पडते?’’

ट्रॅव्हिस म्हणाला, शून्याच्या खूप खाली. काकांनी मान हलवली. इथल्या हवेत जमवलेली दारू तिथं मंद पडेल, म्हणाले, रायफल अडकेल. जायला अवकाश होता, तेवढ्यात नवी काडतुसं करायला हवीत.

नंतरचे काही आठवडे काकांच्या फ्रीझरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी काडतुसांचे डबे होते. बर्फाच्या पेटीतून ती शूटिंग रेंजवर न्यायची, ट्रॅव्हिसनं झाडायची, काकांनी पडलेल्या नळ्या उचलून बघायच्या. पहिल्या खेपेला रायफल अडकली. काकांनी दुसरी दारू आणली, पुस्तकातला तक्ता पाहून कणाकणानं वाढवली. शेवटी रायफल न अडखळता चालली. ट्रॅव्हिसनं मागे वळून अंगठा दाखवला. काका म्हणाले, ‘‘ॲक्सेप्ट.’’ त्यांचा चेहरा मात्र एखादं काम हातचं गेल्यासारखा झाला होता.

निघायच्या दिवशी ट्रॅव्हिसनं डबे ट्रकमध्ये ठेवले. काकांनी मला खुणेनं बोलावलं.

‘‘हे मला इंग्रजीत येत नाही. तू सांग. मंजूचे फोटो नव्या घरात लावले नाहीत तरी चालेल म्हणावं. त्या मुलीला अवघड वाटायला नको.’’

मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. ट्रॅव्हिसनं ट्रकचं दार लावलं. मग तो आला आणि काकांच्या पायाशी वाकला. मंजिरीनं लग्नानंतर शिकवलं असणार. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो काही बोलला, ते काकांना कळलं नाही, मलाही नाही.

पुढच्या शनिवारी गॅरेजचं दार उघडं होतं. टेबल स्वच्छ पुसलेलं. काका स्टुलावर बसून रस्त्याकडे बघत होते. मी आत गेलो तसा त्यांनी दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

‘‘तुमच्याकडे काही बिघडलंय का रे?’’ त्यांनी विचारलं. ‘‘काहीही चालेल.’’

‘‘मिक्सर,’’ मी म्हणालो. ‘‘आणतो.’’

घरी बायको त्याच मिक्सरवर चटणी वाटत होती. तिचं होईपर्यंत थांबलो, भांडं विसळलं आणि पात्याचा स्क्रू ढिला केला.